देवीनं निवडलेला आरोपी

ती घटना आठवली की आजही मला आधी पिकलेल्या आंब्यांचा वास येतो, माणसं मागाहून दिसायला लागतात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा घाटावरचा, रत्नागिरीत फौजदार होतो. वैशाख चालू होता. चोरीच्या आंब्यांच्या पेट्या आमच्या मुद्देमालाच्या खोलीत पडून होत्या आणि कोर्टाचा आदेश येईपर्यंत त्यांना हात लावायची सोय नव्हती. आंब्यांना कोर्टाचं काय? ते पिकत होते. दुपारी खाडीवरून वारा आला की सगळं ठाणं त्या वासात तरंगायचं आणि ठाणे अंमलदार बसल्या जागी पेंगायचा.

अशाच एका दुपारी टपालानं निनावी अर्ज आला. बंदर खात्यातला एक खलाशी जातीच्या खोट्या दाखल्यावर नोकरीला लागला आहे, चौकशी व्हावी. निनावी अर्ज आम्हाला नवे नव्हते, पण याची वेळ मोठी नेमकी होती. सरकारनं नुकतीच राखीव जागांची यादी दुरुस्त केली होती आणि या खलाशाची जात तीतून वगळली होती. किनाऱ्यालगतच्या त्याच्या वाडीतली बरीच माणसं त्याच जातीच्या दाखल्यावर सरकारी नोकरीत होती. कोणी मास्तर, कोणी कंडक्टर, कोणी दवाखान्यात. जात तीच होती, माणसं तीच होती, फक्त यादी बदलली होती. आधीच लागलेल्या नोकऱ्यांचं आता काय होणार, हे कुठल्याच कचेरीत कोणी सांगू शकत नव्हतं.

मी बोलावणं धाडायच्या आतच खलाशी स्वतः हजर झाला. चाळिशी उलटलेला, उन्हानं रापलेला माणूस. बंदरावर वादळाचा बावटा चढवायचा, उतरवायचा, हे त्याचं काम. त्यानं दारातच चपला काढल्या.

"सायेब, माला अटक करा. दाखला खोटा हाय. मीच बनवलाय."

आरोपी इतका आज्ञाधारक असला की पोलिसाच्या मनात पाल चुकचुकते. मी त्याला बाकावर बसवलं आणि चहा मागवला.

"शिक्का कुठून आणलात?"

"मीच केला. रबराचा."

"कुठे आहे तो?"

"समुद्रात टाकला."

"आणि शाई?"

"ती पन समुद्रात."

"तहसीलदारांची सही कशी केलीत?"

त्यानं जरा विचार केला. "पेनानं."

"पेन कुठंय?" आमच्या हवालदारानं मध्येच विचारलं.

"समुद्रात."

हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. मलाही हसू आवरेना, पण समोर पाहिलं आणि ते विरलं. त्या माणसानं चहा तसाच बाकावर ठेवून दोन्ही मनगटं बेडीसाठी पुढं केली होती. तो मनातून पार घाबरलेला होता आणि तरी मागं हटत नव्हता.

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे खरं. पण मी चारशे वीसचा गुन्हा नोंदवला असता तर तो लगेच निलंबित झाला असता, आणि मग नोकरी गेल्यातच जमा होती. घरी बायको, मुली, म्हातारी आई. मी स्टेशन डायरीत 'चौकशीकामी हजर' एवढीच नोंद केली आणि त्याला घरी जायला सांगितलं. तो काकुळतीला आला. "आजच लिवा ना, सायेब." अटकेसाठी गयावया करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हवालदाराला तहसील कचेरीत पाठवलं. सही खरी, शिक्का खरा, दाखला दिला तेव्हा जात यादीत होती. म्हणजे दाखला अस्सल आणि खोटा होता तो कबुलीजबाब.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आली. पदरानं घाम टिपत ती उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"सायेब, ह्येनी काय एक केलेलं नाय. कौलात ह्येंचं नाव आलं म्हनून आलेत."

मग सगळं उलगडलं. मुंबईहून आलेल्या कोणा चाकरमान्यानं वाडीत सांगितलं होतं की एकाला खोटा म्हणून धरलं की बाकीच्यांची चौकशी बंद होते. भीतीनं ग्रासलेल्या माणसांना तेवढा आधारही पुरतो. वाडी देवळात जमली. कोणी जावं हे ठरेना, तेव्हा एकेक नाव घेत देवीलाच विचारलं. कौल खलाशाच्या नावावर पडला. निनावी अर्जही वाडीनंच धाडला होता.

मी बंदरावरून खलाशाला जीपमध्ये घेऊन वाडीवर गेलो. जांभ्याच्या पायऱ्या उतरून देवळात शिरलो तेव्हा बाहेरच्या उन्हानं क्षणभर काहीच दिसेना. मग समईच्या उजेडात देवी दिसली. खालून समुद्राची गाज येत होती. मी विचारल्यावर गुरवानं कौल कसा लावतात ते दाखवलं. ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही सगळे पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो. मी कशासाठी आलोय हेही मी थोडा वेळ विसरलो होतो. मग उजवी पाकळी हळूच सुटली आणि खाली आली. मी देवाधर्मातला माणूस नव्हे, पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

"देवीला काय विचारलंत तुम्ही?" मी गुरवाला म्हणालो.

"वाडीचं संकट कोनी अंगावर घ्यावं, त्ये."

"यानं गुन्हा केलाय का, हे नाही विचारलंत?"

गुरव माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहू लागला. "त्ये कशाला इचारायचं? ह्येनं काय केलं नाय, त्ये सगल्यांना ठावं हाय."

मी कागद काढला आणि तो जबाब तिथंच, देवळाच्या पायरीवर बसून लिहून घेतला. जमलेल्या वाडीला चांगलं फैलावरही घेतलं. एक दाखला बनावट ठरला असता तर बाकीच्यांच्या दाखल्यांकडे साहेब लोकांनी कसं पाहिलं असतं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल मी वर पाठवला.

काही महिन्यांनी सरकारचा आदेश आला. खरा दाखला देऊन आधीच नोकरीत आलेल्यांना काढू नये, यापुढे मात्र सवलत नाही. बनावट दाखल्यावाल्यांना संरक्षण नाही. वाडीतल्या सगळ्यांच्या नोकऱ्या राहिल्या. वाडीच्या मनासारखं झालं असतं तर एकट्या खलाशाची गेली असती.

पुढं बदली झाली तेव्हा मी मुद्दाम बंदरावर गेलो. दुपारचा समुद्र धुरकट होता, आकाश कुठं संपतं ते कळत नव्हतं. खलाशी बावट्याच्या दोरीला गाठ मारत होता. मी त्याला चिडवलं, "काय हो, तुमच्या देवीचा कौल खोटा पडला की."

"खोटा कसा, सायेब?" तो म्हणाला. "दुसरा कोन आला असता तर झ्याक पटवलं असतं त्यानं तुमाला. नि तुमी लिवून घेतलं असतं. आमच्या वाडीत माज्यायेवढं वायट खोटं बोलनारा दुसरा कोन नाय. देवीन बरोब्बर मानूस निवडलान."

माझा कौलावर आजही विश्वास नाही. पण त्यानंतर कबुली फार सहज हाती आली, की मी कागद बाजूला ठेवायचो, चहा मागवायचो आणि हा माणूस कोणासाठी आलाय, हे आधी विचारायचो.