रामदासराव पहिलं स्किट बघत नाहीत

...तर जाहिरात लागली आणि रामदासराव गॅलरीतून आत आले, इथवर काल आलो होतो आपण. मग चहा आला आणि मी आमच्या वाघोलीच्या शाळेतल्या गुरुजींच्या गोष्टीत शिरलो. ते गुरुजी राहू देत आता.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. रामदास ओव्हाळ म्हणजे वारज्याला आमच्या समोरच्या दारातले. सगळी हयात मार्केट यार्डात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर गेली. गोणीच्या तोंडाशी माल देखणाच असणार, म्हणून हे गृहस्थ तिकडं बघायचेच नाहीत, थेट मधे हात घालायचे. तिथवर ठीक होतं हो. पण निवृत्त झाल्यावर गोण्या सुटल्या आणि सवय राहिली. पेपर मधल्या पानापासून वाचायचा, व्याख्यानाला अर्धं झाल्यावर जाऊन बसायचं. पहिली पोळी तेवढी खातात, ती जयावहिनींच्या धाकानं.

दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर 'चक्रम चावडी' हा विनोदी स्किटांचा कार्यक्रम लागतो. दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या घरचा टीव्ही नातवंडांच्या ताब्यात, त्यामुळं मी बघायला ओव्हाळांकडं. पहिलं स्किट चालू असेपर्यंत रामदासराव गॅलरीत कुंड्यांना पाणी घालणार आणि जाहिरात लागली की आत येणार.

"अहो, एकदा तरी सुरुवात बघा," मी म्हणायचो.

"सुरुवातीला चांगलंच ठेवतात, अण्णा. त्यात बघायचं काय?"

त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी चावडीत शेवटच्या स्किटलासुद्धा हलका नग सापडायचा नाही. पाण्याचा टँकर, दवाखान्यातली रांग, भाडेकरू-मालक, सगळं आपल्या आजूबाजूचं. मग सिनेमावाले पाहुणे यायला लागले. पाहुणा आला की त्याचं कौतुक करण्यात अर्धा वेळ जातो. मग पुरुषांना साड्या नेसवल्या. आणि आता विनोद व्हायच्या आधीच मागून हशा ऐकू येतो. मी म्हणायचो, मला तर येतं बुवा हसू. त्यावर म्हणायचे, "तुम्हाला जाहिरातीलाही येतं."

आता त्यांची नात, आम्रपाली. हिंजवडीला चांगली नोकरी होती पोरीला. ती सोडून चावडीसाठी लिहायला गेली. त्या रविवारी आली ती तोंड एवढंसं करून. म्हणाली, "आबा, जुनी कंपनी परत बोलावतेय. उद्या सकाळी कळवायचंय. आज माझं एक स्किट आहे, कुठलं ते सांगणार नाही. तुम्हाला आवडलं तर लिहीत राहीन, नाहीतर जाते कंपनीत."

जयावहिनी म्हणाल्या, "यांना कशाला विचारतेस? यांना अजून आमच्या लग्नातले फोटो पसंत नाहीत."

कार्यक्रम सुरू झाला आणि रामदासराव उठले, झारी घेऊन निघाले गॅलरीत!

"अहो, आज तरी बसा," मी ओरडलो.

"नवीन पोरीचं पहिलं लावतील होय, अण्णा? तिचं मधेच कुठंतरी असणार. येतो की मी."

आणि पहिलंच लागलं पोरीचं. क्रम वरची माणसं ठरवतात, तिलासुद्धा टीव्हीवरच कळलं. ती अर्धवट उठली, पण हाक मारावी तर आपणच घातलेली अट मोडते. बसली परत.

स्किटमध्ये एक म्हातारा नातवासाठी मुलगी बघायला जातो. पोह्यांच्या डिशमध्ये तळापासून चमचा घालतो. मुलीची माहिती तिसऱ्या ओळीपासून वाचायला सांगतो. मग म्हणतो, "ही थोरली दिसतेय, मधली दाखवा." लोक म्हणतात, अहो, एकुलती एक आहे! शेवटी नातवाच्या लग्नालाही मधेच पोचतो आणि शेजारच्या हॉलमधल्या भलत्याच जोडप्याला आशीर्वाद देऊन, जेवून येतो.

हसता हसता माझा चष्मा पडला. वहिनींनी तोंडात पदर कोंबला. बाहेरून आवाज आला, "फार हसू नका! वरचा थर आहे तो!" त्यावर तर वहिनी सोफ्यावर आडव्याच झाल्या.

जाहिरात लागली, रामदासराव आत आले. बाकीचं सगळं त्यांनी मान पुढं काढून बघितलं. एक हिरो आला, नाचला, गेला. शेवटी नावांच्या पाट्या सुटल्या, तेव्हा रामदासराव नातीकडं वळून अगदी हळू आवाजात बोलले.

"बाळा, तुझं कुठलं ते मला कळलं नाही. पण खोटं कशाला बोलू? एकही धड नव्हतं गं."

पोरीचे डोळे भरले. वहिनी कडाडल्या, "अहो, तिचं पहिलंच होतं! तुम्ही गुलाबाला पाणी पाजत होतात तेव्हा!"

रामदासरावांनी 'दाखव' म्हणून हात पुढं केला. आम्रपालीनं मोबाइलवर स्किट लावून दिलं. बघितलं त्यांनी, अगदी सुरुवातीपासून. पोह्यांत चमचा गेला तेव्हा हनुवटी खाजवली. भलत्या जोडप्याला आशीर्वाद मिळाला तेव्हा एकदा खोकले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी आपला पंख्याकडं बघत बसलो, कारण माझं हसू पुन्हा वर यायला लागलं होतं.

स्किट संपलं. आम्रपालीनं विचारलं, "आबा, काय कळवू मग कंपनीला?"

रामदासरावांनी मोबाइल तिच्या हातात दिला, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "लिखाण झकास आहे, कंपनीला नाही म्हणून कळव. तो म्हातारा तेवढा खोटा वाटतो, इतका हेकट माणूस कुठं असतो का? पण लोक हसतायत, तर पुढच्या रविवारी आण त्याला परत."