वाटूरचा एकच युद्धपट

असे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, एकच पिक्चर दरवर्षी दाखवला की आपोआप साचतात. वाटूरला सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं की दुपारी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लागतो आणि तोच जुना युद्धपट सुरू होतो. मी शाळेत मास्तर, म्हणून लॅपटॉप माझ्याकडे. गोष्ट गावाला तोंडपाठ आहे. त्यामुळे पिक्चर कोणी बघत नाही, सगळे सल्ले देतात.

आमचे रामभाऊ मोसंबीचे बागायतदार. शत्रूचे रणगाडे उभ्या पिकात शिरले की त्यांना बसवत नाही. एकदा तर उठून पडद्याजवळ गेले. "आरं, हुरड्याला आलेली ज्वारी हाय. बांधाबांधानं न्या की!"

पिक्चरमध्ये ऐन लढाईत जीप बंद पडते. ट्रॅक्टर दुरुस्त करणारे शेखमामू लगेच सांगतात, "डिझेलमधी हवा धरली, बिलकुल." परवाच्या वर्षी नेमका तिथंच माझा लॅपटॉप अडकला. सगळा हॉल मामूंकडे बघायला लागला. मामू म्हणाले, "मास्तर, जीप असती तर जल्दी करून दिली असती."

शेवटाकडे एका जवानाच्या छातीत गोळी लागते आणि तो मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून आई, गाव, बहिणीचं लग्न, सगळं बोलतो. आमच्या नर्सबाई पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "जेवढा वेळ बोलून राह्यला, तेवढ्यात मंठ्याच्या दवाखान्यात पोचला असता."

गावात खरी लढाई बघितलेला माणूस एकच, सुभेदारकाका. ते पहिल्या रांगेत ताठ बसतात, बोलत नाहीत. मीच एकदा विचारलं, "काका, यात चूक काय हाय?"

"सगळं बराबर हाय," ते म्हणाले. "फक्त खंदकात यांना इस्त्री कोन करून देतं?"

यंदा त्यांच्यासोबत काकू पहिल्यांदाच आल्या आणि मागं बायकांमध्ये बसल्या. स्टेशनवरचा सीन लागला. नायक लढाईवर निघालाय, बायकोचा हात धरून चंद्र-चांदण्यांचं बोलतोय. हॉलमध्ये बायका मुसमुसायला लागल्या.

नर्सबाईंनी हळूच विचारलं, "काकू, काका लढाईवर निघाले तवा काय म्हणल्ते?"

काकूंनी पदर सारखा केला. "दार लावून घे म्हणले. मांजर येतं."

हॉल हसून हसून लोळला. काका पडद्याकडेच बघत राहिले. हसणं ओसरेपर्यंत काकू थांबल्या.

"मी न्हाई लावलं," त्या म्हणाल्या. "हे येऊस्तोर उघडंच ठेवलं."

पडद्यावर गाडी सुटत होती. सुभेदारकाका पहिल्यांदाच मागं वळले.

"तरीच," ते म्हणाले. "परत आल्तो तर मांजर वळखू येईना, एवढं मोठालं झाल्तं."