गांजाचं रोप बघायला बॉनला

“वहिनी, आईला घेऊन बॉनला ये ना! एक रोप मरायला टेकलंय.”

निखिल माझा धाकटा दीर, बॉनला पीएचडी करतो. एरवी आईला टाळणारा हा पठ्ठ्या तिला बोलावतोय म्हटल्यावर मी कान टवकारले. सासूबाई साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. सध्या जर्मनीत वाल्डॉर्फला आमच्याकडे आल्यात आणि बाल्कनीतल्या पुदिन्याशी बोलून कंटाळल्यात. लगेच पिशवी भरली.

कारने लवकर पोचता येतं, पण राईन बघायची तर साध्या प्रादेशिक गाड्याच घ्या. जलद गाडीचं तिकीट आयत्या वेळी महागही पडतं. माइन्झच्या पुढे नदी खिडकीला खेटून चालते, जाताना उजवीकडे बसा. आणि डबा न्याच! आमची कोब्लेन्झची गाडी हुकली, तेव्हा फलाटावर थालीपिठं कामाला आली. शेजारच्या आजोबांना आईंनी लसणाची चटणी दिली.

“शार्फ?” तिखट आहे का, त्यांनी विचारलं.

“या, या,” म्हणजे हो, हो, आई हसत जर्मनमध्ये म्हणाल्या. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुन्हा मागून घेतली.

बॉनला बाल्कनीत गेलो, तर कुंडीत गांजाचं रोप! माझी बोबडीच वळली. इथे कायद्याने प्रौढ माणसाला घरी तीन झाडं लावता येतात, हे मला ठाऊक होतं. पण साताऱ्याच्या सासूबाईंपुढे कायदा कोण वाचणार?

आईंनी चष्मा लावला. “कॅनाबिस सटायवा. कोणाचं?”

“लेनाचं. माझी… म्हणजे आम्ही दोघं इथे राहतो. दोन वर्षं. ती उद्या गावाहून येतेय. तिने बियांपासून वाढवलंय, रासायनिक काही घालत नाही. वाचव ना गं!”

आई सरळ पानाकडे वळल्या. “खालची जुनी पानं पिवळी, म्हणजे नत्र कमी. शिरा हिरव्या नि मधे पिवळं, म्हणजे मॅग्नेशियम. कडा करपल्यात, ते पालाश. वरचं कोवळं पानही फिकट, म्हणजे लोह. एकाच वेळी सगळंच कसं कमी पडेल रे? काय काय घातलंस?”

“शेणखत. केळ्याच्या सालींचं पाणी. अंड्याची टरफलं. मग… ताक.”

“ताक? अरे, कढीपत्ता आहे का तो?”

“तूच घालायचीस ना!”

आईंनी मातीत बोट खुपसून वास घेतला. आंबूस. कुंडीखालची ताटली पाण्याने तुडुंब. “मातीत सगळं आहे, पण मुळं गुदमरलीत. सेंद्रिय खत जिवाणूंनी शिजवल्याशिवाय झाडाला मिळत नाही, आणि चिखलात चूल पेटत नसते.” तेव्हा वाचकहो, पिवळं पान दिसलं की आधी जुनं पिवळं की नवं ते बघा, मग बोट घाला, आणि खताला सगळ्यात शेवटी हात लावा.

रविवारी लेना आली. निखिल पावसावर ढकलणार होता, पण आईंनी डोळे वटारले. त्याने सगळं सांगितलं. ती कुंडीपाशी बसली. मग इंग्रजीत म्हणाली, “रोपाचं सोड. तू तर म्हणाला होतास, आईला आपलं माहीत आहे.”

निखिलची मान खाली. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं. लेना उठून आत गेली, पिशवी तशीच खांद्याला. ही आता जाणार, असंच वाटलं मला.

आईच मातीच्या हातांनी तिच्या मागे गेल्या. “मला कालच कळलं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या, “आणि मी तुझ्यापेक्षा जास्त चिडलेय. पण कुंडी बदलायला दोन माणसं लागतात. येतेस?”

लेनाने मग पिशवी खाली ठेवली. दोघींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सडकी मुळं कापली, कोरडी माती भरली. निखिलला केर काढायला ठेवलं.

घरी येऊन आता आठवडा होतोय. पाय दुखायचे थांबले, राईनचे फोटो पुण्याला माहेरी पाठवून झाले. पिवळी पानं काही परत हिरवी होत नाहीत, पण शेंड्याला नवं पान स्वच्छ हिरवं आलंय. बॉनहून आलेला त्या पानाचा फोटो मी उगाच पुन्हा पुन्हा बघते, इतका आनंद मला आमच्या पुदिन्याने कधी दिला नाही.

काल निखिलचा रडवेला फोन आला. “वहिनी, आई माझा फोनच घेत नाही. लेनाशी मात्र तासभर बोलते. रोपाबद्दलच ना?”

आई तेव्हाही लेनाशीच फोनवर होत्या; मी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन ऐकलं.

“नाही रे. तिच्या आईबाबांना दिवाळीत साताऱ्याला यायला जमेल का, विचारतायत.”