जनरलसाहेब विंडसरला जातात

मुंबईच्या विमानतळावर आमचं सामान दोन किलोंनी जास्त भरलं. मी ह्यांना म्हटलं, "जनरलला समीरच्या मामाकडे ठेवून येऊ या." ह्यांनी बॅग उघडली आणि भाजणी, मेतकूट व माझ्या दोन साड्या बाहेर काढून माझ्या भावाच्या हातात दिल्या. जनरल जागचे हलले नाहीत.

हे जनरल म्हणजे कुणी हयात गृहस्थ नव्हेत. जनरल स्त्रेमिलोव हे रशियाच्या घोडदळाचे सेनापती, नेपोलियनच्या काळातले. पाटबंधारे खात्यात असताना ह्यांना रद्दीच्या दुकानात त्यांचं एक जाडजूड इंग्रजी चरित्र सापडलं, आणि तेव्हापासून ते आमच्या अमरावतीच्या घरात राहायला आले. पुस्तक ह्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळे ते घरीच होतं. बॅगेत होती ती डबल बेडची जाड पांढरी चादर. तिच्यावर ह्यांनी कापडाच्या रंगांनी मॉस्कोपासून पॅरिसपर्यंतचा नकाशा काढलाय आणि वर-खाली सागवानी दांड्या लावल्यात. ह्यांचं आयुष्य कालव्यांवर गेल्यामुळे त्यात युरोपातल्या सगळ्या नद्या अगदी सरळ रेषेत वाहतात.

रोज दुपारी जेवण झालं की हे मला जनरलची कारकीर्द सांगतात. मी आडवी होऊन हुंकार देते. घोडदळ पॅरिसच्या वेशीवर पोचतं आणि माझा डोळा लागतो. इतक्या वर्षांत मी एकदाही पॅरिसच्या आत गेलेली नाही. फार काय, जाता-येता आमचं विमान पॅरिसलाच बदलायचं होतं, तर जाताना तिथेही मी विमानतळावरच्या खुर्चीत गाढ झोपले.

ह्यांची इच्छा एकच, जनरलना एकदा तरी चारचौघांसमोर शेवटपर्यंत न्यायचं. वाचनालयात व्याख्यान ठेवलं तर वीज गेली. ज्येष्ठ नागरिक संघात ठेवलं तर मध्येच चहा आला, आणि चहापुढे जनरल कोण? अशात कॅनडातल्या विंडसरच्या मराठी मंडळाने पाडव्याच्या कार्यक्रमात ह्यांना अर्धा तास दिला. आमचा मुलगा समीर टोरोंटोजवळ राहतो, त्याची तिथे ओळख होती. म्हणायला आम्ही नातीला भेटायला निघालो होतो, पण खरी स्वारी होती ती विंडसरवर.

टोरोंटोला उतरलो. २०१८ सालचा मार्च महिना होता. कस्टमच्या अधिकाऱ्याने दांड्या बघून विचारलं, "व्हॉट इज धिस, सर?"

विचारायला नको होतं. ह्यांनी तिथेच चादर उलगडली आणि सुरुवात केली. जनरलचा जन्म होऊन मुंज व्हायच्या बेताला आली असेल, तोवर अधिकारी म्हणाला, "वेलकम टू कॅनडा, सर. नेक्स्ट!"

समीर राहतो रिचमंड हिलला. घरं सगळी सारखी, रस्ते झाडल्यासारखे स्वच्छ आणि माणूस औषधालाही दिसत नाही. दाराशी कडेला ढकललेल्या बर्फाचे ढीग होते, शेतातल्या ढेकळांसारखे मळलेले. आठ वर्षांच्या ईराने आजोबांचा जनरल मन लावून ऐकला आणि विचारलं, "आजोबा, इज ही द गुड गाय ऑर द बॅड गाय?" हे म्हणाले, "बेटा, तेच तर सांगतोय." पण तेवढ्यात ती आयपॅडकडे पळाली होती.

दुसऱ्या दिवशी ग्रोसरी आणायला गेलो. काउंटरवरची मुलगी फोनवर रशियन बोलत होती. ह्यांच्या अंगात वारं भरलं. कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून हे म्हणाले, "जनरल स्त्रेमिलोव! यू नो?"

"ही वर्क्स हिअर?" तिने विचारलं.

मी ह्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. गाडीत बसेपर्यंत हे एकच वाक्य बोलत होते, "स्वतःच्या देशाचा माणूस माहीत नाही म्हणजे काय!" मी म्हटलं, "तुम्हाला तरी आपले नगरसेवक माहीत आहेत का?"

शनिवारी सकाळी आम्ही तिघं विंडसरला निघालो. सूनबाई ईराच्या पोहण्याच्या क्लाससाठी मागे राहिली. समीर म्हणाला, "वाटेत ग्वेल्फजवळ एक शुगर बुश आहे, तिथे थांबू." शुगर बुश (मेपलच्या झाडांची राई, जिथे झाडांचा रस काढून आटवतात) ही बघण्यासारखी गोष्ट आहे. उघड्याबोडक्या झाडांना बादल्या टांगलेल्या, त्यात थेंब थेंब रस पडतोय, आणि एका पत्र्याच्या खोपटात तो रटरट शिजतोय. वास थेट आपल्या गुऱ्हाळाचा. मला एकदम माहेरची आठवण झाली आणि कॅनडा पहिल्यांदाच आवडला.

बाहेर लाकडी पन्हळीत स्वच्छ बर्फ भरून एक गोरी आजीबाई उभी होती. ती उकळता पाक बर्फावर ओतायची, तो थिजला की काडीवर गुंडाळून हातात द्यायची. चिक्कीच्या पाकासारखाच, पण गारेगार. ह्यांनी पहिली काडी खाल्ली आणि जनरल सुरू केले. आजीबाई म्हणाली, "ओह, वॉव!"

बस! इतक्या वर्षांत ह्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रत्येक "ओह, वॉव"ला एक काडी, असे हे मॉस्कोपर्यंत आले. तिथे फ्रेंचांची माघार सुरू झाली. ते कसे कुडकुडत होते आणि रशियन घोडेस्वार कसे ताठ बसले होते, हे दाखवायला ह्यांनी मफलर काढला, मग टोपी काढली.

"बाबा, प्लीज टोपी घाला. विंड चिल बघा!" समीर ओरडला.

"थंडीला काय कळायचं कोण रशियन आणि कोण अमरावतीचा!" असं म्हणून हे ताठ उभे राहिले आणि आणखी एक काडी मागितली. पॅरिस जवळ आलं, तेवढ्यात शाळेच्या मुलांची बस आली आणि आजीबाई तिकडे वळली.

लंडन नावाचं एक गाव मागे टाकेपर्यंत ह्यांना हुडहुडी भरली. गाडीत हाताशी जाडजूड असं एकच होतं. मी दांड्या काढून सगळा युरोप ह्यांच्या अंगाभोवती गुंडाळला. ह्यांचे हात पाकाने चिकट झालेले, त्यामुळे मॉस्कोवर मोठा तपकिरी डाग पडला. पुढे नुसती सपाट शेतं आणि गरगरणाऱ्या पवनचक्क्या होत्या. ह्यांना त्यांच्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली.

रशियात नेपोलियनची अख्खी फौज थंडीने कशी खलास झाली, हे उभा जन्म जगाला सांगणारा माणूस एका टोपीवाचून गारद झाला. मला आधी हसू आलं. मग मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू आवरलं.

विंडसरला नदीकाठी थोडं थांबलो. पलीकडे डेट्रॉइटच्या उंच इमारती. गंमत म्हणजे इथून अमेरिका उत्तरेला दिसते. एरवी ह्यावर हे अर्धा तास बोलले असते. आता चादरीतून एक बोट बाहेर काढून त्यांनी तिकडे नुसतं दाखवलं आणि पुन्हा आत घेतलं.

रविवारी सकाळपर्यंत हळद झाली, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. घसा काही उघडला नाही. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या जिममध्ये होता. बास्केटबॉलच्या जाळीखाली सुरेख गुढी उभारली होती, नऊवारी नेसलेल्या मुली स्नोबूट घालून फिरत होत्या आणि मागच्या दाराने पुऱ्यांचा वास येत होता. अध्यक्षा वर्षाताई लगबगीने आल्या.

"काका, नो वरीज हं. तुम्ही रेस्ट करा. आम्ही तुमच्या स्लॉटमध्ये अंताक्षरी अ‍ॅडजस्ट करतो."

ह्यांनी मान डोलावली आणि चादर हळूहळू गुंडाळायला घेतली. माणूस चिडला असता तर चाललं असतं. त्यांनी ती चादर घडीवर घडी घालून इतकी नीट गुंडाळली की मला ते बघवेना.

"अंताक्षरी नको," मी म्हटलं. "ह्यांच्या जागी मी बोलते."

"आई?" समीरचा आवाजही जवळजवळ गेलाच.

"तुझ्या जन्माआधीपासून ऐकतेय मी," मी म्हटलं. "लाव तो नकाशा."

चादर गुढीशेजारी टांगली. छडी नव्हती म्हणून कुणीतरी ह्यांच्या हातात हॉकी स्टिक दिली. मी माइक घेतला. समोर शंभरेक माणसं आणि सगळ्यांचं लक्ष पुऱ्यांकडे. पण माझा आवाज निदान शाबूत होता.

"जनरल हा घरातला तिसरा मुलगा," मी सुरू केलं. "शेती थोरल्याला गेली, वाडी मधल्याला. ह्याच्या वाट्याला आली एक घोडी. तिचं नाव लास्तोच्का (म्हणजे पाकोळी). ती फक्त डावीकडे वळायची."

कुणीतरी हसलं. मला धीर आला.

"पहिल्या लढाईत हुकूम झाला, उजवीकडे हल्ला करा. घोडी गेली डावीकडे. मागून सगळी तुकडीही तिकडेच. समोर काय? शत्रूचं स्वयंपाकघर! फ्रेंचांची दुपारची जेवणं उधळली. उपाशी फौज काय लढणार? आता तुम्हीच सांगा, पुऱ्या मिळाल्या नाहीत तर तुम्ही लढाल का?"

"नाही!" अख्खी जिम ओरडली.

"जनरलवर आधी चौकशी बसली, मग बढती मिळाली. सरकारी नोकरीत असंच असतं, ह्यांना विचारा."

ह्यांनी हॉकी स्टिक उंचावून दुजोरा दिला. मग मी सुटलेच. मॉस्कोच्या अलीकडची मोठी लढाई आली, तिथे हुकूमच नेमका डावीकडचा निघाला आणि जनरलचं नाव झालं. मॉस्को जळलं, तेव्हा ह्यांनी मेपलच्या डागावर काठी ठेवली आणि तो डाग हुबेहूब धुरासारखा दिसला. मग माघार आली, थंडी आली. "टोपी न घालणाऱ्यांचं काय होतं," मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं, "ते समोर बघा." टाळ्या पडल्या. "आणि आता नकाशा बघा. मॉस्कोहून पॅरिस कुठे आहे? डावीकडे! लास्तोच्काला लगाम धरावाच लागला नाही. नद्या ओलांडत, डोंगर ओलांडत, जनरल थेट पॅरिसच्या वेशीवर येऊन उभे राहिले!"

इथे मी थांबले. थांबावंच लागलं. पुढे मला काही येत नव्हतं.

"काकू, मग पॅरिसमध्ये त्यांना पी.आर. मिळाला का?" मागून एका कॉलेजच्या मुलाने विचारलं. पी.आर. म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना, तिथल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. हशा झाला, ओसरला, आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. पुऱ्यांकडे कुणीच बघत नव्हतं. समीर डोळ्यांनी विचारत होता, काय झालं? मी माइक खाली केला आणि ह्यांच्याकडे वळले.

"अहो," मी म्हटलं, "पुढे काय झालं?"

हॉकी स्टिक खाली आली. हे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच वेशीतून घोड्यावर बसून आत आले. इतक्या वर्षांत मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि वाईट वाटलं. हे जवळ आले, माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजायला लागले.

"काय म्हणताहेत काका?" वर्षाताई म्हणाल्या. "सांगा ना!"

"थांबा हो जरा," मी म्हटलं. "आधी मला ऐकू द्या."

सगळं ऐकलं, मग माइक वर घेतला. वेशीवर पोचले त्याच दिवशी जनरलची दाढ ठणकायला लागली. बाकीची फौज पॅरिसभर मिरवली. जनरल मात्र गालाला फडकं बांधून एका खोलीत पडून राहिले, आणि फौजेबरोबर तसेच परत निघाले. गावी आल्यावर लोक यायचे, विचारायचे, पॅरिस कसं आहे? जनरलना काय सांगता येणार? तेव्हा त्यांची बायको, जी आयुष्यात गावाबाहेर गेली नव्हती, ती पुढे होऊन पॅरिसचं बहारदार वर्णन करायची. आणि जनरल शेजारी बसून मान डोलवायचे.

माझं वाक्य संपलं तेव्हा माझ्या शेजारी गळ्याला मफलर गुंडाळून हे मान डोलवत होते. हे सगळ्यांना एकदमच दिसलं. असा हशा मी जन्मात ऐकला नाही. मग टाळ्या, मग शाल, मग श्रीफळ. श्रीखंड-पुरीच्या रांगेत तीन माणसांनी ह्यांना घोडीच्या म्हातारपणाबद्दल विचारलं, आणि ह्यांनी हातवारे करून ती सुखात गेल्याचं सांगितलं.

परतीच्या विमानात ह्यांचा आवाज परत आला होता. मी विचारलं, "खरं सांगा, ते दाढेचं आणि बायकोचं पुस्तकात आहे, की तिथे उभ्या उभ्या रचलंत?"

"पुस्तक घरी आहे," हे म्हणाले. "बघ की."

मी अजून बघितलेलं नाही. ते कपाटात जिथल्या तिथे आहे आणि मला काही घाई नाही. रोज दुपारी जनरल वेशीपर्यंत येतात आणि मी उठून बसते, एवढं पुरे आहे. त्या विमानात मात्र हे बोलता बोलता माझ्या खांद्यावर कलंडले आणि घोरायला लागले. पुढच्या पडद्यावर छोटंसं विमान नकाशावर सरकत होतं. खाली ढग फाटले, पहाटेच्या उजेडात शेतं दिसली, मग छपरं दिसली. मी ह्यांच्या गळ्यातला मफलर नीट केला आणि हलकेच हलवलं.

"अहो जनरल," मी म्हटलं, "उठा. पॅरिस आलं."