डिंक लावलेली दोन पानं

पुण्यातला माणूस निवृत्त झाला की एकतर सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाहीतर विश्वाचं कोडं सोडवतो. त्यातल्या त्यात सेक्रेटरी परवडला. दुसरा आपली वही स्पायरल बाइंडिंग करून आमच्या संशोधन संस्थेत पाठवतो.

मी खगोलशास्त्राची संशोधक. विभागात सगळ्यांत नवी, म्हणून ही बाडं माझ्या गळ्यात. कुणाच्या मते गुरुत्वाकर्षण खोटं, कुणाच्या मते सूर्य थंड. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: साधं सत्य शास्त्रज्ञांना दिसत नाही. मी पहिलं पान चाळायची आणि छापील उत्तरावर सही ठोकायची. 'आपले विचार रोचक आहेत. तथापि...' त्या 'तथापि'वर माझा फार जीव. पाकिटं फोडणं, पत्ते लिहिणं, वह्या परत पाठवणं, हे सगळं कारकूनबाई बघायच्या.

आम्ही तरी काय मोठे दिवे लावले होते म्हणा! विश्वातलं बहुतेक द्रव्य कशाचं आहे ते कळेना, म्हणून त्याला कृष्णद्रव्य असं भारदस्त नाव दिलं आणि नव्या निधीसाठी अर्ज करून मोकळे झालो.

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर खडकवासल्याच्या धरणावर पाण्याची पातळी मोजली. मी सिंहगड रोडला त्यांच्याकडे गेले की गेलं वर्षभर एकच विचारणं.

"अगं, विश्व पसरतंय म्हणता, ते कशात पसरतंय?"

"बाबा, तो प्रश्नच चुकीचा आहे."

"बरं. मी थोडं लिहिलंय त्यावर. वाचशील?"

"वेळ झाला की वाचते." वेळ कसला होतोय!

एका रविवारी गेले, तर बाबा दार उघडून अदबीने बाजूला झाले.

"या, मॅडम. आपलं पत्र मिळालं."

टेबलावर संस्थेचं छापील उत्तर, त्याखाली माझी झोकदार सही. शेजारी परत आलेली चोवीस पानांची टाइप केलेली वही, नाव फक्त शेवटच्या पानावर. मुलगी वाचत नाही म्हणून बाबांनी रीतसर संस्थेला पाठवली होती, आणि मुलीनेच ती परत धाडली होती.

"विचार रोचक वाटले म्हणे आपल्याला. नेमके कुठले?"

मेले! पण सरळ कबूल करेन तर मी पुणेकर कसली? "मधला भाग चांगला जमलाय," मी ठोकून दिलं.

"असं? काढा बघू."

बारावं आणि तेरावं पान उघडेचना. कडेने डिंक लावला होता.

"साहेबाने अहवाल वाचला की नुसताच पुढे ढकलला, हे आम्ही खात्यात असंच ओळखायचो," बाबा म्हणाले. चिडून बोलले असते तरी परवडलं असतं. आवाज पार खाली गेला होता.

मी पट्टी घालून पानं सोडवली. आत लिहिलं होतं: 'मुलगी सहा वर्षांची असताना तिने धरणाच्या भिंतीवर मला विचारलं, आकाश कशात ठेवलंय? मी पातळी मोजत होतो. गप्प बस, वेळ नाही, असं म्हणालो. हे सगळं लिखाण त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशीर झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.'

मला यातलं काही आठवतही नव्हतं. वर्षभर मी चुकीचा, चुकीचा म्हणून उडवून लावत होते तो प्रश्न माझाच होता. लाज वाटली, अगदी रडू येईपर्यंत वाटली.

खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले.

"बाबा, तिसऱ्याच ओळीत चूक आहे."

"कुठे? दाखव, दाखव!" मॅडम, आपण, सगळं विसरून बाबा चष्मा शोधत शेजारी येऊन बसले.

चौथ्या ओळीतही चूक होती. संध्याकाळपर्यंत आम्ही तिसऱ्या पानावरच कडाकडा भांडत होतो. बाबा इतके खूश मला माझ्या पीएचडीच्या दिवशीही दिसले नव्हते.