बांगड्या भरल्या, हात उघडेना

डॉक्टरांनी कानापुढे, माझ्या गालावर बोटाने हलकीशी टिचकी मारली. ओठ आपोआप उडाला. पुन्हा मारली, पुन्हा उडाला. "रक्तातलं कॅल्शियम उतरलंय," ते म्हणाले. माझी बोटं जुळून ताठ झाली होती, अंगठे तळव्यात गेले होते. मला काहीच वाटत नव्हतं. भीतीसुद्धा नाही.

नागपूरला माझं थायरॉइडचं, म्हणजे गळ्यातल्या सुजलेल्या ग्रंथीचं ऑपरेशन झालं होतं. चंद्रपूरजवळच्या मूल गावी, घरी आले तेव्हा टाके सुकले होते. टाके सुकले की औषध संपलं, असं घरात सगळ्यांनीच धरलं. गोळ्या थांबल्या. दुधाने जखम पिकते म्हणून आईने दूधही बंद केलं. पथ्याच्या बाबतीत आईपुढे नागपूरच्या सर्जनचंही काही चालत नाही. ओठांना मुंग्या यायच्या, बोटं बधिर व्हायची. अशक्तपणा असेल, असं सगळे म्हणायचे.

बाई दुखण्यातून उठली की आमच्या घरी नव्या बांगड्या भरतात. कासारीण आली. तिने नेहमीसारखा अंगठा आत दुमडून माझा हात दाबला, बांगड्या सरकवल्या आणि हात सोडला. तो तसाच राहिला.

"ढिला सोड न बाई, काऊन आकडून राह्यली?" ती हसत म्हणाली.

दुसऱ्या हाताने मी मांडीवर बसलेली माझी लहान मुलगी धरली होती. कोणी न दाबता तो हातही तसाच झाला. मुलगी घसरली. आईने झेलली.

मला तसंच चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. गालावर टिचकी मारून बघितल्यावर डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी हळूहळू. अंगात ऊब पसरली, एकेक बोट सुटलं. डॉक्टरांनी समजावलं, थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसू शकतो. कधी सावरतात, कधी नाही. नुसत्या दुधाने भागत नाही, गोळ्या लागतातच.

"म्याच बंद केलं ना तुहं दूध?" परतताना बसमध्ये आईने विचारलं.

"तुले कोनी सांगतलंच नाई," मी म्हणाले. तिचा हात धरावासा वाटायला हवा होता. वाटला नाही.

माझ्या ग्रंथी सावरल्या नाहीत. गोळ्या आता जन्माच्या. गळ्याच्या ऑपरेशननंतर तुमच्या ओठांना मुंग्या आल्या तर अशक्तपणा म्हणून बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आई रोज चहाआधी गोळी माझ्या हातावर ठेवते. मला तेवढं पुरतं.

मुलगी आता धावत येते आणि उचल म्हणून हात वर करते. मी आधी माझे हात उघडून बघते. उघडतात. मग तिला उचलते.