तुमच्याकडं हाय ते घाला

अण्णा गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "कुणाच्या हातात असतंय काय?" अजूनही हे कानावर पडलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आमच्या हातात होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं.

माझा हा थोरला भाऊ खानापूरकडं पाहुण्यांच्या भातशेतात चार दिवस चिखलात राबून आला आणि तापानं पडला. उंदरांपासून होणारा ताप. आधी लघवी बंद झाली, मग डोळे पिवळे झाले. बेळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब इतका खाली होता की मशीनवरचं डायलिसिस त्याला सोसणार नव्हतं. पोटात नळी घालून पाणी सोडायचं आणि काढायचं असं ठरलं.

डॉक्टर दारात उभ्याउभ्याच बोलले. "पाणी दोन प्रकारचं असतं. आमच्याकडच्या पाण्यातला लॅक्टेट लिव्हरला पचवावा लागतो, आणि ह्यांचं लिव्हर दमलंय. बायकार्बोनेटचं ह्यांना जास्त बरं. पण ते बाहेरून मागवावं लागेल. दुपारपर्यंत थांबता येईल. बोला, काय करू?"

आमच्या वडिलांनी, आप्पांनी, हात जोडले. "तुमच्याकडं हाय ते घाला, सायेब. आमाला काय कळतंय?"

वडगावात आमच्या घरी दोन माग आहेत. सूत मालकाचं, ताणा गुंडाळलेला बीमही मालकाचा. सूत कच्चं निघालं तरी आप्पा तोंड उघडत नाहीत, तुटलेल्या धाग्यांना गाठी मारत विणत राहतात. नाव ठेवलं की पुढचा बीम शेजारच्या घरी जातो. सगळा जन्म असा काढलेल्या माणसाला डॉक्टरही मालकच दिसले.

आणि डॉक्टरांना तरी काय म्हणू? ज्याला कळतं त्यानं ठरवायचं, की घाबरलेल्या विणकराला दारात गाठून त्याच्या गळ्यात टाकायचं?

अण्णाचा श्वास वाढतच गेला. रक्तातलं आम्ल उतरेना. संध्याकाळी डॉक्टरांनी ते दुसरं पाणी मागवलंच. तिसऱ्या दिवशी तो गेला. "ते आधी घातलं असतं तरी वाचले असते असं नाही," डॉक्टर म्हणाले. नसताही वाचला. पण ते पाणी त्याला दुपारीच मिळायला हवं होतं.

तेराव्यानंतर आप्पा बंद मागासमोर बसले होते. मला राहवलं नाही. "थांबतो म्हणायला काय झालतं तुमाला?"

त्यांनी मागावरचा एक तुटलेला धागा बोटांत धरला. मग म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाय, म्हणून हात जोडलो. तू तर कालेजात पुस्तकं सांभाळतीस. माज्या शेजारीच हुबी होतीस की गं. तुला कळलं न्हवतं?"

कळलं होतं. शब्द न् शब्द कळला होता.

"तुमी बोलत होता, आप्पा," मी म्हणाले.

"मग?"